नादारीची यादी आणि थॅडियस स्टीव्हन्स

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आठवीला सोशल स्टडीज शिकवते. परवा थॅडियस स्टीव्हन्सचा तास होता. पुस्तकात तो येतो सिव्हिल वॉरच्या (अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या) वेळचा खासदार, गुलामगिरीचा कट्टर विरोधक, सगळ्यांना समान नागरिकत्व देणाऱ्या 14व्या घटनादुरुस्तीसाठी भांडणारा, 1868 ला प्रेसिडेंट जॉन्सनवर महाभियोग चालवायला इतका आजारी असताना आला की खुर्चीत बसवून उचलून आणावं लागायचं. पण मी सुरुवात केली 1835 पासून, माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तेच.

1834 ला राज्यात सगळ्यांसाठी फुकट शाळांचा कायदा झाला, टॅक्समुळे लोक भडकले आणि वर्षभरात तो मोडायचं बिल राज्याच्या सिनेटने पासही केलं. त्याआधी 1809 चा कायदा होता, आईबापांनी आम्ही गरीब आहोत असं सांगायचं मग पोरांची फी सरकार भरणार. नवा कायदा मोडला असता तर परत तेच आलं असतं. राज्याच्या हाऊसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात, स्टीव्हन्स उठला, स्वतः गरीब घरातला, जन्मापासून एक पाय वाकडा. म्हणाला, सरळ गरिबांवर शिक्का मारायचा कायदा म्हणा ना ह्याला! आणि गुन्हेगारांना पोसायला टॅक्स देता, मग माणूस गुन्हेगार होऊच नये म्हणून द्यायला का रडता?

एवढं वाचलं आणि वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, माझ्या आधीच्या शाळेत लंचचे पैसे थकले की हातातलं गरम जेवण काढून घ्यायचे नि थंड चीज सँडविच द्यायचे, अख्ख्या लाईनला कळायचं. मग काय, सगळेच बोलायला लागले. मीही सांगितलं की लहानपणी आमच्याकडे नादारीची, म्हणजे गरीब म्हणून फी माफ असलेल्यांची, नावं वाचून पोरांना वर्गात उभं करायचे आणि मी उभी राहायचे.

मग तो जिंकला का, एकाने विचारलं. जिंकला, शाळा राहिल्या. पुढे सुटलेल्या गुलामांना 40-40 एकर जमीन द्या म्हणत होता ते मात्र त्याच्याच पक्षाने होऊ दिलं नाही, ह्याचा मला अजून राग येतो.

बेल झाल्यावर एक मुलगा थांबला. त्याचा भाऊ लँकेस्टरला थॅडियस स्टीव्हन्स कॉलेजात वेल्डिंग शिकतो, पण हे नाव कुणाचं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्याला म्हटलं, स्टीव्हन्सने मृत्युपत्रात अनाथ मुलांसाठी पैसे ठेवले होते, वर्ण न बघता सगळ्यांना एकाच वर्गात शिकवा आणि एकाच टेबलावर जेवू घाला असं लिहून, त्यातूनच पुढे ते कॉलेज झालं. सोमवारी तेवढा भाग सगळ्या वर्गाला वाचून दाखवणार आहे.