अर्धा मंत्र

1 फेब्रुवारी, रविवार. रात्रीचे साडेदहा

बूट अजून ओलेच आहेत. रेडिएटरजवळ जुना पेपर पसरून त्यावर ठेवलेत. मँचेस्टरजवळच्या ऑल्डर्ली एजच्या टेकडीवरचा तांबूस चिखल सुकून पोपडे धरतोय, आणि नवरा दर वेळी तिथून जाताना माझ्याकडे बघतो. बोलत काही नाही.

आज इम्बोल्क. पेगन वर्षाच्या आठ सणांतला हा सगळ्यात गरीब सण. ना शेकोटी, ना भोपळे. मेंढ्यांना दूध उतरायला लागतं, बर्फफुलं (स्नोड्रॉप) वर येतात, एवढंच. मला म्हणूनच आवडतो. दिव्याच्या अवसेसारखा, घरच्या घरी.

आईचा सकाळी फोन आला होता. पेगन म्हणजे काय, हे मी तिला चौथ्यांदा समजावलं. ख्रिस्ती धर्म येण्याआधी इथे लोक ज्या देवता मानायचे, झाडं, झरे, डोंगर मानायचे, त्या धाग्यावर नव्याने उभं राहिलेलं काहीतरी. 'आणि मग आपण काय करतो?' आई म्हणाली. मी गप्प. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी धर्म म्हणून 'पेगन' लिहिलं. मी त्यात नाही. मी 'हिंदू'वर खूण केली आणि फॉर्म भरून झाल्यावर दिवसभर खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. दुसरं लिहिलं असतं तरी वाटलंच असतं.

पण आज लिहायला बसले ते यासाठी नाही. गेल्या महिन्यात मूटला झालेला वाद अजून डोक्यातून जात नाही. मूट म्हणजे आमची महिन्यातून एकदा पबच्या वरच्या खोलीत भरणारी बैठक. एक नवीन मुलगा आला होता, हुशार, जरा चिडका. म्हणाला, तुमच्यातले निम्मे लोक कादंबऱ्या वाचून इथे आलेत, कादंबरीतून काय श्रद्धा निघते? कोणीतरी लगेच अमेरिकेचं उदाहरण फेकलं: 1962 मध्ये हाइनलाइन या विज्ञानकथाकाराच्या एका कादंबरीतला पाणी वाटून पिण्याचा विधी उचलून कॉलेजच्या पोरांनी खरोखरच पंथ काढला, आणि पुढे रीतसर चर्च म्हणून नोंदवलासुद्धा. मुलगा म्हणाला, तेच तर म्हणतोय मी. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मीही त्या निम्म्यांतलीच. उत्तर मात्र तेव्हा सुचलं नाही.

मी आले ती ॲलन गार्नरमुळे. मँचेस्टरला पहिल्या वर्षी, एका चॅरिटी शॉपमधून पन्नास पेन्सला त्याचं एक पुस्तक घेतलं, पाठीवरचा कागद सुटलेलं. 1963 चं, 'द मून ऑफ गॉमरथ'. लहान मुलांचं म्हणून बसमध्ये वाचायला. ऑल्डर्लीच्या टेकडीत दोन भावंडं, जुनी चंद्राची जादू, रानातून सुटलेली शिकार. शेवटी लेखकाची एक टीप आहे. त्यात तो सांगतो की पुस्तकातले मंत्र खरे आहेत, पण अपुरे ठेवलेत. न जाणो, म्हणून.

बसमध्ये मोठ्याने हसले. आणि मग हसू थांबलं, कारण आजोबा आठवले.

आमच्या आजोबांना इंचवाचो मंत्र येत होता. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणसं यायची, पाय धरून विव्हळत. आजोबा ओटीवर बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे, कडुलिंबाचा डहाळा वरून खाली उतरवायचे. गुण यायचा की नाही, मला आज खात्रीने सांगता येणार नाही; विंचवाची कळ बहुतेक वेळा तशीही काही तासांनी ओसरते. पण मी दहा वर्षांची असताना हट्ट धरला, मला शिकवा. त्यांनी पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि थांबले. पुढचं? तर म्हणाले, 'सगळो सांगलंय तर मगे रवला काय?' ग्रहणात शिकायचा असतो, पाण्यात उभं राहून, वगैरे. ते ग्रहण काही आलं नाही. आजोबांबरोबर तो गेला. माझ्याकडे दोन ओळी आहेत. त्या मी इथेही लिहिणार नाही.

तर त्या बसमध्ये मला जे कळलं ते हे: हा चेशर परगण्यातला लेखक आणि माझा आजोबा एकाच गोष्टीला घाबरत होते. 'घाबरत' हा शब्द बरोबर नाही. जपत होते. गंमत म्हणून मुलांसाठी गोष्ट लिहितानाही हात आखडता घेणारा माणूस त्या गोष्टीला खोटी मानत नसतो. निदान पुरती खोटी नाही.

तेव्हापासून कुठलीही फँटसी वाचताना मी देव किती आहेत, पऱ्या कशा आहेत हे बघतच नाही. लेखक कुठे थांबतो ते बघते. 'अर्थसी'च्या पहिल्या पुस्तकात (1968 चं, अर्सुला ल ग्विनचं) गेड हा पोरगा ओगिऑन नावाच्या मोठ्या जादूगाराकडे शिकायला राहतो. पाऊस येतो. इतर जादूगार दोन शब्दांत ढग बाजूला सारतात. ओगिऑन झाडाखाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. भिजलेला गेड झुडपात कुढत बसतो, की शक्ती असून वापरायची नसेल तर उपयोग काय? मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या माणसाला हे पान धर्मग्रंथासारखं वाचावं लागतं. माझं तरी झालंय. शेजारीण पावसाला शिव्या घालते तेव्हा मी मनात ओगिऑन म्हणते आणि छत्री उघडते. (मी काही ओगिऑन नाही.)

उलट हल्लीच्या जाडजूड मालिका मला वाचवत नाहीत. जादूचे नियम, कुठल्या मंत्राला किती शक्ती खर्च होते त्याचा हिशोब, मागे परिशिष्ट. विजेचं बिल वाचल्यासारखं वाटतं. नवऱ्याला तेच आवडतं. तो इंजिनीअर आहे.

प्रॅचेटचा कासव झालेला देव मात्र वेगळा. 'स्मॉल गॉड्स'मध्ये एक महान देव भक्त उरले नाहीत म्हणून साधं कासव होऊन बसतो, त्याला खरोखर मानणारा एकच भाबडा पोरगा उरलेला. ते वाचून मी आमच्या वाडीतल्या राखणदाराला कोण नारळ देतं हे आईला विचारलं होतं. आई म्हणाली, चुलत्याचा मुलगा मुंबईहून येतो, मे महिन्यात. आला तर.

आजचं राहिलंच. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून गाडीने गेले. गाव आता फुटबॉलपटूंच्या बंगल्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे स्टेशनपासून टेकडीपर्यंत मोठमोठ्या फाटकांसमोरून चिखलाचे बूट घालून चालणारी मी एकटी. वर ड्रुइडांचं, म्हणजे इथल्या प्राचीन पुरोहितांचं, म्हणतात ते दगडांचं कडं आहे. ते प्राचीन नाही, हौसेने मांडलेलं आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आज मधल्या दगडापाशी जॅमच्या बाटलीत कोणी बर्फफुलं ठेवून गेलं होतं. ठेवणाऱ्यालाही ठाऊक असणारच. मूटमधल्या त्या मुलाला हे दाखवायला हवं होतं.

खरं प्राचीन आहे ते जमिनीखाली. इथे कांस्ययुगापासून तांबं काढलंय. गार्नर लहान असताना त्याच्या शाळेत एक जुनं लाकडी खोरं होतं, खाणीत सापडलेलं. कोणी त्याची किंमत केली नाही. ते त्याने पुढे सांभाळून ठेवलं. शेवटी मँचेस्टरच्या संग्रहालयाने तपासलं तेव्हा ते साडेतीन हजार वर्षांहून जुनं निघालं. मी काचेआड पाहिलंय. भात वाढायच्या मोठ्या डावासारखं दिसतं.

मग जादूगाराचा झरा. कड्यातून थेंब थेंब पाणी खालच्या दगडी कुंडात पडतं, वर दाढीवाला चेहरा कोरलाय, आणि त्याखाली लिहिलंय की पोटभर प्या, हे पाणी जादूगाराच्या इच्छेने पडतं. चेहरा कोरला गार्नरच्या खापरपणजोबांनी, असं तो सांगतो. याच टेकडीत झोपलेल्या सरदारांची दंतकथा आहे. एक शेतकरी पांढरी घोडी विकायला मॅकल्सफील्डच्या बाजाराला निघालेला, वाटेत म्हातारा भेटतो, आणि पुढे डोंगराचं लोखंडी दार उघडतं. ते दार नंतर कुणाला सापडलं नाही. गार्नरला ही गोष्ट घरात, आजोबांकडून मिळाली.

झऱ्यापाशी एक बाप आणि सहा-सात वर्षांचा मुलगा होता. मुलगा वाकून प्यायला निघाला, बापाने कॉलर धरली. 'पण प्या असं लिहिलंय!' त्याचंही खरं. मी प्यायले नाही. तळव्यावर तीर्थासारखं घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि काही ठरवलेलं नसताना तोंडातून गाऱ्हाणं सुरू झालं, 'बा देवा म्हाराजा...' त्यापुढे जागेच्या धन्याचं नाव घ्यावं लागतं. ते मला माहीत नव्हतं. 'व्हय म्हाराजा' म्हणायलाही मागे कोणी नव्हतं. तिथेच थांबले.

मुलगा बघत होता. म्हणाला, ही कुठली भाषा?

मालवणी, म्हटलं.

त्याने कड्यातल्या दाढीवाल्याकडे बोट केलं. 'त्याला येते?'

बाप ओशाळून सॉरी म्हणाला आणि त्याला ओढत घेऊन गेला.