आर्वी ते काळा घोडा: आउसबिल्डुंगसाठी बी-वनची परीक्षा

मार्चमध्ये मुंबईला जाऊन जर्मनची बी-वन (ए-वन, ए-टूनंतरची तिसरी पातळी) परीक्षा दिली. माझं आयटीआय इलेक्ट्रिशियनमधून झालंय आणि जर्मनीत त्याच ट्रेडचं आउसबिल्डुंग, म्हणजे कामासोबतचं प्रशिक्षण, करायचंय. साडेतीन वर्षं कंपनीत काम, सोबत शाळा, दरमहा विद्यावेतन. आर्वीकडची बरीच पोरं विचारतात, म्हणून लिहितोय.

वर्ध्याहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. परीक्षा घेणारी जर्मन संस्था मॅक्सम्युलर भवन काळा घोड्याला आहे, चालतच जाता येतं. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. मी उशीर केला आणि जनरलच्या डब्यात रात्रभर बसून गेलो. परीक्षा त्याच सकाळी. ऐकण्याचा पेपर ४० मिनिटांचा, आणि मला डुलकी आवरेना. वाचन, लेखन, बोलणं निघालं. ऐकण्यात शंभरपैकी ५३ गुण पडले, हवे होते ६०. चारही भाग वेगळे धरतात, त्यामुळे राहिलेला एकच पुन्हा द्यायचा आहे. तुम्ही आदल्या दिवशीच पोहोचा. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट न्या.

बोलण्याची परीक्षा जोडीने होते. माझ्यासोबत सोलापूरची एक नर्स ताई होती. मी 'गावात राहणं' हा विषय घेतला आणि कापूसवेचणीबद्दल बोललो. कापसाला जर्मनमध्ये 'बाउमवोलं' म्हणतात, म्हणजे झाडाची लोकर. हा शब्द मी कधीच विसरलो नसतो. परीक्षक बाईंनी विचारलं, वेचणी किती वेळा होते? तीन बोटं दाखवून मी पहिल्या वेच्यापासून फरदडीपर्यंत (हंगामानंतरही ठेवलेल्या पिकापर्यंत) सारं सांगितलं. व्याकरण चुकलं असेल, पण अडखळलो नाही. विषय आपल्या शिवारातला निघाला तर तोच घ्या.

भाषेपेक्षा जास्त दमवलं कागदांनी. जन्मदाखल्यावर बाबांचं नाव एक, टीसीवर दुसरं. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायत, शाळा, तहसील अशा चकरांत चार महिने गेले. म्हणून ए-वनचा क्लास लावाल त्याच आठवड्यात जन्मदाखला, टीसी, मार्कशीट, आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. पासपोर्ट त्यानंतर.

एका एजंटाने अडीच लाख मागितले होते. बाबा म्हणाले, "कापूस इकून देतो, तू चिंता नको करू." मी नाही म्हणालो. कंपनीतल्या आउसबिल्डुंगमध्ये शिकवण्याचे पैसे शिकणाऱ्याकडून घेणं जर्मन कायद्यात बसत नाही; उलट कंपनीच पैसे देते. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या करारात पहिल्या वर्षी दरमहा किमान ७२४ युरो, कर-विमा कापण्याआधीचे. तेवढ्यात खर्च भागत नसेल तर व्हिसासाठी उरलेली रक्कम बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात) दाखवावी लागते, तो हिशेब आधीच घरी मांडा. क्लास, परीक्षा, व्हिसा आणि तिकिटाचा खर्चही बहुधा आपलाच.

अर्ज मी स्वतःच करतोय. पत्र, बायोडाटा आणि गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये. शिक्षण ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून वर्षभर आधी लागा. मुलाखत व्हिडिओवर होते. माझ्या वेळी ऐन दुपारी लाइन गेली आणि मोबाइलच्या डेटावर निभावलं. फोन पूर्ण चार्ज ठेवा.

जूनमध्ये ऐकण्याचा पेपर आहे. या वेळी स्लीपरचं तिकीट काढलंय, आदल्या दिवशी पोहोचणारं.