यातलं नेमकं कोणतं?

आई अमेरिकेत आल्यापासून मॉल, पूल, सहा लेनचे रस्ते सगळं दाखवून झालं पण बाईंचा चेहरा काही खुलेना, म्हणून म्हटलं चल, जगातलं म्हातारं झाड बघू. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये, दहा हजार फुटांवर. गाडीतून उतरून चार पावलं टाकली की दम लागतो आणि समोर बघाल तर ओला टॉवेल पिळून उभा करावा तशी वाकडीतिकडी ब्रिसलकोन पाइनची झाडं. अर्ध्याहून जास्त खोड मेलेलं, एका बाजूला सालीची पट्टी, तिच्या जिवावर चार हिरव्या फांद्या, आणि एवढ्यावर हजारो वर्षं चाललंय. खडकाळ जमीन, थंडी, पाणी जेमतेम, त्यामुळे वाढ इतकी सावकाश की लाकूड एकदम घट्ट, राळेने भरलेलं, कीड लागत नाही. "लाडात वाढली असती तर एवढी टिकली नसती," आई म्हणाली. (रोख माझ्याकडे होता.)

त्यातलं मेथुसेला नावाचं झाड साधारण 4,850 वर्षांचं, म्हणजे मोहेंजोदडो वसायच्याही आधीचं. झाडांचं वय शोधणारे शास्त्रज्ञ एडमंड शुलमन यांनी 1957 मध्ये शोधलं. हे ऐकल्यावर आईने पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली, ती कधी बरोबर घेतली देव जाणे. "पण यातलं नेमकं कोणतं?"

तेच तर सांगत नाहीत! बोर्ड नाही, खूण नाही. सांगितलं तर लोक आठवण म्हणून तुकडे तोडून नेतील. आणि नुसत्या हौशी लोकांचीच भीती असते असंही नाही, 1964 मध्ये नेवाडात प्रोमिथियस नावाचं असंच एक झाड संशोधनासाठी रीतसर परवानगी घेऊन कापलं, मग खोडातली वर्तुळं (साधारण वर्षाला एक) मोजली तर 4,862. वय कळलं, झाड गेलं.

आमच्या गावातल्या पिंपळावर मुंजा आहे हे शेंबड्या पोरालाही माहिती, म्हणून त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही. इथे मुंजाचं काम फॉरेस्ट सर्व्हिस करते, फक्त झाड कोणतं ते सांगत नाही.

कुंकू लावायचं नाही म्हटल्यावर पुडी परत पर्समध्ये गेली. "मग सगळ्यांनाच करते," म्हणत आई वाटेवरच्या एकेका झाडाला लांबूनच हात जोडत निघाली. वाट चार मैलांच्या वर. पार्किंगला पोचेपर्यंत थर्मासमधला चहा पार गार झाला होता.