पोटॅशचं ताट, फाटका एप्रन: नाशिकच्या रेडिएशन सुरक्षा मेळाव्याच्या आठवणी

पहिला वाद दरवर्षी तारखेवरून व्हायचा. ७ नोव्हेंबर हा मारी क्युरींचा जन्मदिवस, म्हणून तो वैद्यकीय भौतिकीचा आंतरराष्ट्रीय दिवस. १८९५ साली ८ नोव्हेंबरला राँटगेनना एक्स-रे सापडले, म्हणून तो रेडिओलॉजीचा. दोन्ही दिवस एकमेकांना लागून, तेव्हा रेडिएशन सुरक्षेचा वार्षिक मेळावा याच आठवड्यात हवा, हे सगळ्यांना मान्य. पण नाशिकमध्ये त्या दिवसांवर दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाचा हक्क आधीचा. दिवाळीत हॉस्पिटलचे निम्मे टेक्निशियन गावी गेलेले असतात. तुळशीचं लग्न लागलं की गंगापूर रोडवर एक लॉन्स मोकळं मिळेल तर शपथ. मिळालंच, तर शेजारी हळदीचा डीजे असतो आणि अर्धायुष्यकाल (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) समजावणाऱ्या पाहुण्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. त्यामुळे या दोन्हींच्या मधला रविवार जून महिन्यातच पक्का करून ठेवायचा, हा आयोजक मंडळाचा शिरस्ता झाला.

नाशिकची गर्दी या विषयाला साजेशी आहे. आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे. शहरात कॅथ लॅब, सीटी, कॅन्सरचे उपचार हे सगळं मिळतं. सातपूर-अंबडला कास्टिंग आणि वेल्डिंग तपासणारे औद्योगिक रेडिओग्राफर आहेत, ओझरला विमानाचा कारखाना आहे, आणि लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं शेतमालाला गॅमा किरण देणारं, २००२ पासूनचं कृषक केंद्र. ही सगळी माणसं एका मांडवाखाली आली की तासाभरात कळतं, की एकाला जे तोंडपाठ असतं ते दुसऱ्याच्या कानावरही गेलेलं नसतं.

सुरुवातीला मात्र साचा मोठ्या परिषदांचाच होता. रेडिएशन संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाची पहिली जागतिक परिषद १९६६ ला रोममध्ये झाली. आपल्याकडची राष्ट्रीय संघटना १९६८ ची. त्यांच्या परिषदांत उद्घाटन, बीजभाषण, समांतर सत्रं, पोस्टर असा क्रम असतो आणि संशोधकांसाठी तो योग्यच आहे. जिल्ह्याच्या मेळाव्यात तोच क्रम लावला की दीपप्रज्वलन, सत्कार आणि शाली-श्रीफळांत साडेअकरा वाजतात. ज्यांच्या अंगावर खरोखर किरणांचा डोस पडतो ते टेक्निशियन मागच्या रांगेत, दाराजवळ, फोन आला तर पटकन निघता यावं म्हणून बसलेले. पुढच्या खुर्च्यांवर बहुधा कंट्रोल रूमच्या काचेआड बसणारे. मेळावा हळूहळू मागच्या रांगेकडे सरकत गेला, आणि त्याची गोडी तिथूनच लागली.

बदल तसे साधेच होते. सत्कार जेवणाच्या आधी पाच मिनिटांत उरकायचे. स्लाइड इंग्रजीत चालेल, पण बोलायचं मराठीत. मुंबईहून तपोवननं येणाऱ्या पाहुण्यांना पहिलं सत्र द्यायचं नाही, कारण नाशिकरोडहून गावात यायलाच अर्धा-पाऊण तास जातो आणि कसारा घाटात गाडी रखडली तर विचारूच नका. पहिलं सत्र स्थानिक माणसाचं, साडेनऊच्या ठोक्याला. साडेआठपासून मिसळ, पण रस्सा बेताचा तिखट. दोनशे माणसं असतील तर जेवणाची दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी वाढायची सोय. एकाच रांगेत सव्वा तास सहज जातो आणि तो थेट प्रात्यक्षिकांमधून वजा होतो.

डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे क्रेडिट पॉइंट लागतात, पाच वर्षांत ३०. त्यासाठीचा अर्ज आधीच करावा लागतो आणि निरीक्षक येतात. हजेरीची सही सकाळी एकदा आणि शेवटी एकदा ठेवली, तरच दुपारी खुर्च्या भरलेल्या दिसतात.

स्लाइडचा एक धोका फक्त याच विषयात इतका महागात पडतो. सिव्हर्ट हे अंगावर पडलेल्या डोसचं एकक. मायक्रोसिव्हर्ट लिहिताना लागणारं म्यू हे ग्रीक अक्षर बरेच जण ‘सिम्बॉल’ फॉन्टमधून घेतात. त्या फॉन्टमध्ये दिसतो म्यू, पण आत टाइप केलेलं असतं इंग्रजी एम. तीच स्लाइड दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली किंवा सगळ्या मजकुराचा फॉन्ट एकदम बदलला, की म्यूचा एम होतो आणि मायक्रोचं मिलि. आकडा तसाच राहतो, अर्थ हजारपट बदलतो. दाराबाहेर तासाला २ मायक्रोसिव्हर्ट असं सांगायचं असतं आणि पडद्यावर २ मिलिसिव्हर्ट झळकतं. त्या दरानं सर्वसामान्य माणसाची वर्षाची १ मिलिसिव्हर्टची मर्यादा अर्ध्या तासात संपेल. सभागृहात कोणी चमकलं नाही, तर समजावं की श्रोते झोपले आहेत. यावर उपाय म्हणजे सगळ्या स्लाइड आदल्या संध्याकाळी हॉलच्याच लॅपटॉपवर उघडून बघायच्या, शेजारी पीडीएफ ठेवायची, आणि वक्त्यांना शक्यतो ‘मायक्रो’ अक्षरांत लिहायला सांगायचं. जुन्या मराठी फॉन्टांचीही हीच गत. युनिकोड नसेल तर मथळ्यांचा चिवडा होतो.

पण मेळाव्याची खरी मजा दुपारच्या टेबलांवर. जेवणानंतर व्याख्यान ठेवणं म्हणजे वक्त्याचा अपमान, म्हणून दोन ते चार फक्त हाताळणी.

मीटर दाखवायचा तर समोर काहीतरी किरणोत्सारी हवं. खरा सोर्स, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाची सीलबंद कुपी, पिशवीत घालून आणता येत नाही. त्याची वाहतूक परवानगी, पॅकेज, लेबल आणि कागदपत्रांसहच होते, आणि मंगल कार्यालय ही काही त्याची जागा नव्हे. इथे द्राक्षबागायतदारांचं खत कामी आलं. शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. निसर्गातल्या प्रत्येक ग्रॅम पोटॅशियममधून सुमारे ३१ बेकरेल (म्हणजे सेकंदाला ३१ विघटनं) मिळतात, कारण त्यात पोटॅशियम-४० चा अंश असतो. त्या हिशेबानं एक किलो शून्य-शून्य-पन्नासमध्ये साधारण १३ हजार बेकरेल. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, आपल्या प्रत्येकाच्या शरीरातच चार हजारांच्या आसपास असतात.

खत स्टीलच्या ताटात सेंटिमीटरभर जाडीचं पसरायचं आणि वर पातळ क्लिंग फिल्म लावायची. पॅनकेक प्रोब (मीटरचा चपटा, पातळ खिडकीचा शोधक) बोटभर अंतरावर धरला की टिकटिक वाढलेली स्पष्ट ऐकू येते. मग कोणीतरी उत्साहानं आणखी खत ओततं आणि मोजणी काही वाढत नाही. कारण पोटॅशियमचे कमी भेदक बीटा किरण खतातच अडतात, वरचे काही मिलिमीटरच मोजणीत येतात. मध्ये सहा मिलिमीटरचं ॲक्रिलिक धरलं की टिकटिक जवळपास मूळ पातळीवर. आता तिथेच हॉस्पिटलचा नेहमीचा सर्व्हे मीटर धरा, काटा ढिम्म हलत नाही. त्याची ट्यूब धातूच्या आवरणात असते, जास्त भेदक गॅमा किरण मोजायला बनवलेली. कुठल्या कामाला कुठला मीटर, हे त्या ताटापाशी पाच मिनिटांत कळतं.

तिथेच मोजणीतली लहरही दाखवता येते. मूळ पार्श्वभूमी, म्हणजे समोर काही नसतानाची मोजणी, मिनिटाला ४५ आली, तर पुढच्या मिनिटाला ३८ किंवा ५२ येणं अगदी स्वाभाविक आहे, कारण अशी मोजणी साधारण आपल्या वर्गमुळाइतकी वर-खाली होते आणि ४५ चं वर्गमूळ सात धरून चालायचं. एका मिनिटाच्या आकड्यावर ‘गळती आहे’ असं ओरडू नये आणि ‘काही नाही’ असं लिहूनही टाकू नये. आपला सह्याद्रीचा काळा कातळ पोटॅशियम, युरेनियम, थोरियमनं गरीब, त्यामुळे आपली पार्श्वभूमीही तशी कमीच. केरळच्या थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर काम केलेला कोणी असला की हे आकडे बघून हसायचा.

दुसऱ्या टेबलावर निकाली काढलेला लेड एप्रन मधोमध कापून ठेवलेला असायचा. एप्रन घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला की आतलं शिसं-रबर घडीवरच चिरतं, बाहेरचं कापड मात्र नव्यासारखं. कापलेल्या एप्रनमधली कमरेजवळची भेग बोटानं चाचपून पाहिली की हँगर का घ्यायचा, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. शाबूत एप्रन तपासायचा तर फ्लुरोस्कोपीखाली किंवा एक्स-रे काढून. ०.५ मिलिमीटर शिशाइतका एप्रन कॅथ लॅबमधल्या विखुरलेल्या किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास अडवतो. तोच एप्रन घालून पेट स्कॅनच्या रुग्णाजवळ उभं राहिलात तर तिथल्या जास्त ऊर्जेच्या किरणांपैकी जेमतेम काही टक्के, आणि इरिडियमच्या सोर्सपुढेही तीच कथा. पाच-सहा किलोंचं ओझं वागवण्यापेक्षा तिथे दोन पावलं मागे सरकणं फायद्याचं. अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई.

टीएलडी बॅजचं, म्हणजे अंगावरचा डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्याचं, टेबल कायम गजबजलेलं. उघडलेल्या बॅजमधल्या तीन चकत्या बघायला सगळे वाकायचे: एक धातूच्या फिल्टरखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. तिन्हींच्या नोंदींची तुलना करूनच किरण कोणते ते ओळखतात. मग ठरलेले प्रश्न. एप्रनच्या आत की बाहेर? आत, छातीवर. आणि हमखास एखादे महाशय मेळाव्यालाच बॅज लावून आलेले, शेजारी ओळखपत्र लटकतंय. बॅज कामाच्या जागेसाठी. काम संपलं की तो कंट्रोल बॅजसोबत (तुलनेसाठी न वापरता ठेवलेल्या बॅजसोबत) रेडिएशनपासून दूर ठेवायचा. गाडीच्या डॅशबोर्डवर तापला किंवा विमानतळावर बॅगेच्या स्कॅनरमधून गेला, की तीन महिन्यांच्या नोंदीचा विश्वास गेला. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत १००, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही कामगारांची मर्यादा बहुतेकांना पाठ असते. बॅज ठेवायचा कुठे, तिथेच गाडी अडते.

सगळ्यात रंगायचा तो सातपूरवाल्यांचा फळा. गणित असं: इरिडियम-१९२ चा २० क्युरीचा सोर्स, उघड्यावर एक मीटरवर तासाला सुमारे ९६ मिलिसिव्हर्ट. हा डोस तासाला १ मायक्रोसिव्हर्टवर आणायचा तर माणसांना अडवणारी दोरी सोर्सपासून किती लांब बांधायची? ९६ हजारांचं वर्गमूळ, म्हणजे जवळजवळ ३१० मीटर. मग मागून प्रश्न यायचा, “सर, ७४ दिवसांनी सोर्स अर्धा झाला म्हणजे दोरी पण अर्धीच ना?” अर्धी नाही, २१९ मीटर. अंतर वर्गमुळानं कमी होतं, सोर्सच्या प्रमाणात नाही. एका शेडमध्ये एवढी जागा कुठून आणायची, हा पुढचा रास्त प्रश्न. तिथे कोलिमेटर, म्हणजे सोर्सभोवतीचं किरण अडवणारं जड धातूचं आवरण, येतो. सोळापट अडवणारा बसवला की ३१० चे ७७ मीटर होतात, अर्थात त्याच्या तोंडाची दिशा सोडून. आणि प्रत्येक एक्स्पोजरनंतर मीटर हातात घेऊन कॅमेऱ्यापर्यंत (सोर्स ठेवायच्या पेटीपर्यंत) आणि गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत जायचं. सोर्स आत-बाहेर करणारा क्रँक पूर्ण फिरला म्हणजे सोर्स आत आलाच, असं नसतं. ट्यूबला पोचा पडला असेल किंवा जोड नीट बसला नसेल, तर तो वाटेतच राहतो, आणि ते सांगणारा एकटा मीटर असतो. मीटरची बॅटरी संपलेली असली तर तोही गप्प.

लासलगावच्या भेटीला परवानगी मिळेल त्या वर्षी बस भरून जायची. नावं आणि ओळखपत्रं आधी कळवायची, आयत्या वेळी कोणाचे भाचे-पुतणे घ्यायचे नाहीत. नोव्हेंबरात तिथे कांदा बघायला मिळेल ही आशा सोडून द्यावी. कोंब रोखायला ६० ते ९० ग्रे (पदार्थानं शोषलेल्या किरणऊर्जेचं एकक) पुरतात, पण डोस द्यायचा तो उन्हाळ कांदा काढून सुकवल्यावर, तो झोपेत असतानाच. आत कोंब सुरू झाला की उशीर झाला. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागले, ते कोंबासाठी नाही तर किडीसाठी. परतताना निफाडच्या चहाला एकच चर्चा: कांदा किरणोत्सारी होतो का? होत नाही, तिथल्या कोबाल्ट-६० च्या गॅमांत तेवढी ऊर्जाच नसते. हे सांगणाऱ्यांत बऱ्याचदा आमचा बसचालकही असायचा.

पिशव्यांबद्दल एक सांगायलाच हवं. मेळाव्याची कापडी पिशवी आकर्षक दिसावी म्हणून तिच्यावर पिवळ्यात तीन पात्यांचं रेडिएशनचं चिन्ह छापायची हौस सगळ्यांनाच येते. ते छापू नये. १९४६ मध्ये बर्कलेला तयार झालेलं ते चिन्ह इशाऱ्यासाठी आहे, शोभेसाठी नाही, आणि तशी एखादी पिशवी नाशिकरोड स्टेशनच्या बाकावर विसरली गेली तर पुढचा गोंधळ कोण निस्तरणार? द्राक्षाचा घड छापा, तोही चांगला दिसतो.

प्रश्नपेटी चहाच्या टेबलाजवळ, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. मागच्या रांगेतले प्रश्न तिथेच येतात: गरोदरपणी ड्यूटी कुठली मागावी, नातेवाईक आत थांबायचा हट्ट धरतात तेव्हा काय म्हणायचं, दरवाज्यातला शिशाचा पत्रा वजनानं खाली सरकून वर फट पडली आहे पण मालक ऐकत नाहीत. उत्तरं दोन पानांत, मराठीत, पंधरवड्यात सगळ्यांच्या फोनवर. प्रमाणपत्रावर नुसतं नाव-तारीख न छापता तास आणि विषयही छापायचे, कारण तपासणीला कोणी आलं की प्रशिक्षणाची नोंद मागतात. आणि नावाचं स्पेलिंग नोंदणीच्या वेळी ज्याचं त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं, म्हणजे डिसेंबरभर दुरुस्तीची प्रमाणपत्रं छापत बसावं लागत नाही.