डाव्या पंखातलं गुपित

आज डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दिवसभर उभा होतो, पाय भरून आलेत. ऑगस्टातली ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी! मस्टँग इतक्या गेल्या की मोजणं सोडून दिलं. १९६३ची कॉर्व्हेट स्टिंग रे दिसली, मागची काच मधोमध दुभागलेली. तशी काच त्या एकाच वर्षी आली.

पण जीव अडकला १९५७च्या शेव्हरले बेल एअरमध्ये. फिकट निळी. मालक आजोबांनी मागच्या डाव्या पंखावरची, म्हणजे शेपटीकडच्या उंच टोकदार कडेवरची, क्रोमची पट्टी बोटाने अलगद उघडली, आणि आत पेट्रोलच्या टाकीचं तोंड! बाहेरून पत्ताच लागत नाही. "बस आत," म्हणाले. ते पातळ, भलंमोठं स्टिअरिंग हातात आलं आणि मला बोलताच येईना. लहानपणापासून हीच गाडी हवी होती. अजूनही हवी आहे.