डिफेन्स शिकायचाय? आधी डोळे उघडे ठेवा

बॉक्सिंग नवीन सुरू केलं की सगळ्यांना बॅगवर धडाधड पंच मारायचे असतात, डिफेन्सचं नाव काढलं की तोंडं वाकडी, आणि मग पहिल्याच स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) नाक लाल. खरं सांगू का, सुरुवातीला प्रॉब्लेम टेक्निकचा कमी आणि पंच येताना डोळे मिटतात याचा जास्त असतो. पार्टनरला सांगायचं, हळूहळू फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) टाक, आणि आपण हनुवटी खाली, नजर त्याच्या छातीवर, मागच्या हाताच्या तळव्याने जॅब नुसता थोपवायचा. म्हणजे आपला हात दोनेक इंच हलवायचा फक्त, हात पुढे पकडायला धावला की चेहरा उघडा पडलाच, समोरचा हुशार असेल तर खोटा जॅब दाखवून हुक (बाजूने येणारा पंच) ठेवून देतो.

घरी खांद्याच्या उंचीवर दोरी बांधा (आमच्याकडे ती कपडे वाळत घालायचीच आहे, आईची बोलणी फुकट), तिच्या खालून गुडघे वाकवत डावी-उजवीकडे जायचं, कंबरेतून वाकलात तर अपरकट (खालून वर येणारा पंच) खाल. जॅब टाकून हात परत गालाशी आणणं हाही डिफेन्सच, पण ते कोणी मोजतच नाही राव.

पर्नेल व्हिटेकरच्या जुन्या फाइट्स बघा, १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा लाइटवेट गोल्ड मेडलिस्ट, डावखुरा, समोर उभा राहून भल्याभल्यांना हवेत पंच मारायला लावायचा. नक्कल मात्र इतक्यात नको, त्याच्यासारखे पाय लागतात त्याला. नवख्याने हाय गार्ड (दोन्ही हात वर, चेहऱ्याशी) आणि अर्धं पाऊल मागे, एवढ्यावर बरेच महिने काढावेत, आणि हो, माउथगार्ड विसरलात तर त्या दिवशी सरळ दोरीवरच्या उड्या मारा.