ग्वाल्हेर: बाड्यापासून दोन गल्ल्या आत

ग्वाल्हेरला जाणारे बहुतेक मराठी लोक किल्ला, जयविलास राजवाडा आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी उरकून संध्याकाळच्या गाडीनं आग्र्याकडे निघतात. गाण्याची थोडी जरी आवड असेल तर असं करू नका. दोन मुक्काम ठेवा, आणि खोली स्टेशनाजवळ न घेता लष्कर या भागात शोधा. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथं पडला, तेच पुढे शहर झालं. महाराज बाडा हा चौक त्याचा मध्य.

बाड्यावर ऊन उतरल्यावर जा. मधोमध शिंदे महाराजांचा पुतळा आणि भोवती टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, शिंद्यांचा जुना राजवाडा गोरखी, व्हिक्टोरिया मार्केट. एका इमारतीची धाटणी दुसरीला नाही. स्मार्ट सिटीच्या कामात त्यांची डागडुजी झाली. व्हिक्टोरिया मार्केट २०१० मध्ये आगीत जळालं होतं; ते पुन्हा उभं राहिलं आणि आत आता भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. दिवे लागले की चौक देखणा दिसतो, यात वाद नाही. पण युनेस्कोनं २०२३ मध्ये या गावाला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं, हे बाड्यावर उभं राहून कानांना कळत नाही. ऐकू येतात ते ई-रिक्षांचे भोंगे. गाणं ऐकायचं तर आतल्या गल्ल्यांत शिरावं लागतं.

माझी आत्या लष्करातच राहते. तिच्या शेजारच्या वाड्यात एक गुरुजी संध्याकाळी शिकवतात. तिनं आधी विचारून ठेवलं म्हणून कोपऱ्यात सतरंजीवर बसता आलं. शाळकरी वयाची एक मुलगी यमन रागातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल म्हणत होती, तिलवाडा तालात. बंदिशीची सुरुवातीची ओळ, म्हणजे मुखडा घेऊन तालाची दोन आवर्तनं होतात न होतात तोच ती तानेकडे वळली. गुरुजींनी डग्ग्यावर हात ठेवून ठेका थांबवला. ‘आधी अस्थाई-अंतरा पूर्ण म्हण, बेटा. ताना कुठं पळून नाही चालल्या.’ मग बंदिशीचे हे दोन्ही भाग, तीच अस्थाई, अंतऱ्यासकट, चार वेळा. आधी अख्खी बंदिश मांडायची आणि मगच विस्ताराला लागायचं, ही ग्वाल्हेर घराण्याची रीत पुस्तकात वाचली होती. तिथं ती घासून घेताना पाहिली.

या गल्ल्यांचं आपल्यावर देणं आहे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे ग्वाल्हेर दरबारातले गवई भाऊ. ख्यालगायक बडे महंमद खाँची गायकी त्यांना ऐकता यावी म्हणून महाराजांनी त्यांना पडद्याआड बसवलं, अशी आख्यायिका इथं अजून रंगवून सांगतात. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि बाळकृष्णबुवांकडे मिरजेत शिकले विष्णु दिगंबर पलुस्कर. महाराष्ट्रात ख्याल रुजला तो मुख्यतः या वाटेनं. ग्वाल्हेरात राहिलेल्या मराठी घरांतूनही परंपरा चालली: गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये संगीत विद्यालय काढलं, आणि १९१८ मध्ये महाराज माधवराव शिंदे व संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकारानं माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. अशा ठिकाणी सकाळी पर्यटकासारखं डोकावू नका. संध्याकाळी जा, परवानगी मागा, मोबाइल खिशात ठेवा.

जिवाजीगंजात सरोदघर हे वाद्यांचं संग्रहालय आहे, सरोदवादक हाफिज अली खाँचं वडिलोपार्जित घर. जुनी वाद्यं जवळून पाहायला मिळतात. उघडं आहे ना, एवढं आधी विचारून घ्या.

तानसेनाची समाधी हजीरा भागात, त्याचे गुरू मानले जाणारे सूफी संत महंमद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याच्या आवारात. मकबऱ्याच्या दगडी जाळ्यांपुढे शिष्याचा चौथरा अगदी साधा वाटतो. शेजारी चिंचेचं झाड आहे. पाला चघळला की गळा सुटतो म्हणतात. मूळ झाड केव्हाच गेलं, तरी लोक या नव्याचीही पानं ओरबाडतात. तुम्ही नका ओरबाडू, गळा रियाजानंच सुटतो.

जमल्यास डिसेंबरातला तानसेन समारोह गाठा. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या सोहळ्याला तिकीट नसतं. रात्रीच्या बैठकांना सगळे जातात, पण पहिल्या दिवशी सकाळी समाधीपाशी ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा होते आणि त्याच ठिकाणी मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगानही. मला रात्रीच्या मंडपापेक्षा ती सकाळ जास्त आवडली. शाल आणि कानटोपी हवीच; उघड्यावरची थंडी तिथं हाडात शिरते.

पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल थेट ग्वाल्हेरला थांबतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडतात, तेव्हा पोचल्या दिवशीच्या बैठकीवर भिस्त ठेवू नका. बाड्याभोवती गाडी लावायला जागा नाही, चालतच फिरा. न्याहारीला बेडई (डाळ भरलेली पुरी) नाहीतर पोहे-जिलेबी, आणि हिवाळा असेल तर तीळगुळाची गजक ताजी कुटलेली घ्या, डबाबंद नको. किल्ल्यावर गाडीनं जायचं तर उरवाई दरवाजा. ग्वाल्हेर दरवाज्यानं चढ पायी आहे, पण वाटेत गुजरी महाल लागतो. ध्रुपदाला आश्रय देणाऱ्या राजा मानसिंह तोमरांनी तो राणी मृगनयनीसाठी बांधला.

समारोहाची एक बैठक बेहटला, तानसेनाच्या जन्मगावी होते. गाव शहरापासून बरंच लांब आहे आणि परतीचं वाहन आयत्या वेळी मिळत नाही. जाता-येता दोन्हीची गाडी लष्करातूनच ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या.